आधी काय विझवायचं?

लाखनीकडच्या गावात त्याला वीज कळली ती तिच्या पाळीवरून. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं तर थ्री फेज येईल तेव्हाच मोटर लावायची. पाळी रात्रीची असली की बाबा टॉर्च घेऊन धुऱ्यावर निघायचे आणि तो मागोमाग. घरात दिवा लागलेला असायचा, मोटर मात्र मुकी. सिंगल फेजवर दिवा जळतो, ही मोटर फिरत नाही, हे भंडारा जिल्ह्यातलं शाळकरी पोरही सांगेल.

आता तो नागपूरच्या मिहानमधल्या हँगरमध्ये विमानांच्या विजेचं काम करतो. बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेलं हे दुरुस्ती केंद्र २०१५ पासून चालू आहे. गावी गेला की ठरलेला प्रश्न येतो: वर वीज येते कुठून? तो समोरच्या डीपीकडे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे, बोट दाखवतो. गावातली डीपी बहुधा ६३ नाहीतर १०० केव्हीएची. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० च्या प्रत्येक इंजिनावरचं जनित्र ९० केव्हीएचं. म्हणजे दर इंजिनामागे जवळपास एक डीपी! ७८७ मध्ये तर इंजिनांवर २५० केव्हीएची चार जनित्रं असतात, कारण तिथे केबिनमध्ये हवा भरायचं कामही विजेवरच चालतं.

७३७ किंवा ए३२० मधली वीज घरच्यासारखी नसते. ११५ व्होल्ट, आणि सेकंदाला ५० ऐवजी ४०० आवर्तनं. आवर्तनं वाढली की ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा लहान करता येतो, आणि विमानात किलोकिलोचा हिशेब असतो. पण इंजिनाचा वेग सतत बदलत राहतो. म्हणून जनित्राला जोडूनच तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवतात. ती जनित्राला एकाच वेगाने फिरवते. दोन्ही मिळून आयडीजी.

७३७ आणि ए३२० मध्ये दोन जनित्रं एकाच वाहिनीवर एकत्र जोडत नाहीत. एक सुटतं, मगच दुसरं लागतं. इंजिनं सुरू झाली की शेपटीतल्या छोट्या इंजिनावरच्या जनित्राकडचा भार त्यांच्यावर जातो आणि केबिनचे दिवे क्षणभर लवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, चेंजओव्हर झालेला असतो.

वीज तयार करण्यापेक्षा ती कमी पडली तर काय करायचं, हा त्याच्या कामाचा खरा गाभा. विमानातही लोडशेडिंग आहे. एक जनित्र गेलं की जेवण तापवणाऱ्या भट्ट्यांचा भार आपोआप सुटतो. सगळीच जनित्रं गेली तर ए३२० मध्ये वाऱ्यावर फिरणारी पंखी, रॅट, पोटाखालून बाहेर येते आणि तिच्या जोरावर ५ केव्हीएचं आपत्कालीन जनित्र चालतं. १८० केव्हीएवरून थेट ५ वर! तेवढ्यात वैमानिकासमोरचे मोजके पडदे आणि रेडिओ जगवायचे. त्याखाली शेवटचा आधार बॅटरीचा. कोण आधी विझणार, कोण शेवटपर्यंत जळणार, हे विमान कागदावर असतानाच ठरतं, आणि ते लिहिलेलं असतं. गावात पहिली बंद होते ती मोटर, जिच्यावर धान उभं असतं. तो क्रम कुणी, कशावरून ठरवला, हे बाबांना कधी कुणी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं.

आयडीजीचं तेल फार तापलं तर वैमानिक कॉकपिटमधलं बटण दाबून त्याला इंजिनापासून तोडतो. एकदा तोडलेला आयडीजी हवेत पुन्हा जोडता येत नाही. विमान उतरावं लागतं, इंजिन थांबावं लागतं, मग कुणीतरी इंजिनाचं झाकण उघडून हाताने कडी ओढतो. मिहानमध्ये ती कडी ओढणाऱ्या हातांत एक हात लाखनीकडचा आहे.