उचललेला पूल

आमच्या दिवाडी बेटावर ज्याचा जन्म झाला, त्याला पाण्यापलीकडे जावयाचे म्हणजे फेरीबोटीची वाट पाहणे आलेच. ही सवय विलायतेत उपयोगी पडेल असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

२००४ साली ताईच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडला गेले. केंट परगण्यातील स्वेल जिल्ह्यात, शेपी बेटावरील शीअरनेस या बंदरगावी तिचे बिऱ्हाड होते. स्वेल हे कोणत्या शहराचे नाव नव्हे. बेट आणि मुख्य भूमी यांमधील खाडीचे ते नाव. १९७४ साली जिल्हा झाला, तेव्हा तेच त्यास मिळाले. खाडीच्या दक्षिणेस सिटिंगबोर्न व फॅव्हरशॅम ही गावे असून लंडनहून डोव्हरकडे जाणारा जुना रोमन रस्ता त्याच बाजूने जातो. उत्तरेस हे बेट. शेपी या शब्दाचा अर्थच मेंढ्यांचे बेट!

एके रात्री ताईस कळा सुरू झाल्या. रुग्णालय खाडीपलीकडे. भावोजींनी घाईघाईने मोटार काढली. पण किंग्जफेरीच्या पुलापाशी येतो तो समोर लाल दिवे. तेथे १८६० साली रेल्वेकंपनीने पहिला पूल बांधला होता. आम्हांपुढचा होता १९६० सालचा. आगगाडी आणि मोटारी, दोन्ही त्यावरूनच जात. काँक्रीटच्या चार मनोऱ्यांमध्ये पुलाचा मधला भाग, विहिरीतून पोहरा यावा तसा, सरळ वर चढला होता आणि खालून एक मालवाहू जहाज रिडहॅमच्या गोदीकडे सावकाश सरकत होते. दिवसा पाहिले असते, तर मी टाळ्या पिटल्या असत्या.

ताईने माझे मनगट आवळून धरले होते.

"फेरी चुकली काय गो?" तिने दातओठ खात विचारले.

"दुसरी येतेच आहे," मी म्हटले.

भावोजी एक शब्द बोलले नाहीत. जहाजाचे दिवे दूर गेले, पूल खाली टेकला. पहाटे भाची जन्मली.

२००६ साली शेजारीच पाण्यापासून सुमारे ३५ मीटर उंचीचा नवा पूल झाला. हमरस्त्यावरच्या मोटारींना आता जहाजासाठी थांबावे लागत नाही. आगगाडी मात्र जुन्याच पुलावरून जाते.

गेल्या वर्षी भाची आमच्याकडे आली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर आम्ही पोहोचतो न पोहोचतो तोच फेरी सुटली.

"इथे पूल का नाही?" ती कुरकुरली.

ताईने नुसते माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघी धक्क्यावरच हसत बसलो.