सही कोणाची?

दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफेपाशी लोक थांबतात ते मागच्या टोकाचं मेंढ्याचं डोकं पाहायला. माझी नजर मात्र सवयीने नळीवर सांधा शोधते. तो मिळत नाही, कारण तोफ ओतीव आहे. दख्खनमध्ये तोफांची दुसरीही जात होती: लोखंडी पट्ट्या उभ्या जुळवायच्या, वरून तापलेली कडी चढवायची आणि घणाखाली सगळं एकजीव करायचं. विजापूरची लांडा कसाब तशी घडवलेली. तिथे सांधा कच्चा राहिला तर तो बार उडवतानाच कळायचा, आणि कळणारा जवळच उभा असायचा.

वेल्डिंगचं दुखणं आजही तेच आहे. कॅप, म्हणजे वरचा थर, चकचकीत; रुटात, म्हणजे सांध्याच्या तळाशी, काय आहे ते देव जाणे. म्हणून आधी पद्धत सिद्ध करायची, मग माणूस.

आमचं शेड वाळूजला. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना आला आणि आजूबाजूला आमच्यासारखी छोटी शेडं उभी राहत गेली. रॅक, ट्रॉल्या, जिग यांवर आमचं बरं चाललं होतं. मग टाक्यांचं काम आलं आणि गिऱ्हाइकाने ‘एएसएमई सेक्शन नाइन’ या वेल्डिंग-पात्रतेच्या संहितेप्रमाणे क्वालिफाय झालेले वेल्डर मागितले. बाजारात तयार फाइली मिळतात. नाव बदललं की काम झालं. आम्ही मात्र पुण्याहून सल्लागार बोलावला.

सल्लागारसाहेब ऑफिसात बसलेच नाहीत. करंट मोजायचा टाँग टेस्टर घेऊन थेट मशिनीपाशी गेले. डायल १२० अँपिअर म्हणत होती, केबलवर १०५ भरले. “आता डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे पद्धतीच्या कागदात, कुठला आकडा लिहू?” मग ते रॉडकडे वळले. ७०१८ जातीच्या रॉडचा लेप हवेतली ओल पितो, त्या ओलीतला हायड्रोजन धातूत शिरतो, आणि तडा कधीकधी जॉब थंड झाल्यावर काही तासांनी जातो. एडब्ल्यूएस या अमेरिकन वेल्डिंग संस्थेचं डी१.१ सांगतं की हे रॉड २६० ते ४३० अंश सेल्सिअसला किमान दोन तास भाजा. आमच्या पावसाळ्यात तर ओव्हनला पर्यायच नाही. वेल्डरचा पगार आपण मोजूनमापून देतो, ओव्हनचं वीजबिल मात्र डोळ्यांत खुपतं!

पद्धत सिद्ध करायला वेल्ड केलेल्या नमुन्यातून, म्हणजे कूपनमधून, दोन तुकडे ताणून तोडले, चार वाकवले. १८० अंशांत वाकलेल्या पट्टीवर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली तर नापास. वेल्डरच्या परीक्षेत ताणणं नाही. तिथे वाकवणं किंवा एक्स-रे पुरतो.

खरी खडाजंगी इथेच झाली. आमचे सगळ्यात जुने वेल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, चिडले. “साहेब, माझा हात बघा ना, कागद कामून बघता?”

“मामा, तुमच्या हाताला कोण नाव ठेवतंय? मागे पट्टी न लावता बट-सांधे किती मारलेत, तेवढं सांगा.”

मामा गप्प. आयुष्यभर त्यांनी पट्टीवरच बट मारले होते. सेक्शन नाइनला कारागिराची थोरवी मोजायची नसते. पट्टी होती की नव्हती, उभ्या सांध्यात रॉड वर चढत गेला की खाली उतरत, भरलेला धातू केवढा जाड, असलंच ते विचारतं आणि तेवढ्याचीच हद्द आखून देतं. पट्टीशिवाय पास झालेला पट्टीवर चालतो. उलटं चालत नाही. मला हा हिशेब शाबासकीपेक्षा न्याय्य वाटतो. मामांनी ग्राइंडर मागवला, बेव्हल स्वतः घासले आणि रुटाचा सराव सुरू केला.

कागद तयार झाले तेव्हा मी पेन साहेबांपुढे सरकवलं. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं. सेक्शन नाइनप्रमाणे तुकडे कापणं, तपासणं बाहेरच्या लॅबला देता येतं, पण कूपनचं वेल्डिंग कारखान्याच्याच देखरेखीखाली व्हावं लागतं. म्हणून सही कारखान्याची. सल्लागार मसुदा लिहून देईल, तुमच्या वतीने उभा राहणार नाही. आणि जो सहीसुद्धा करून द्यायला तयार असतो त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

एका प्रोसेसने (उदाहरणार्थ टिग) सहा महिने वेल्डिंगच झालं नाही तर वेल्डरची त्या प्रोसेसची पात्रता संपते. आमच्याकडे टिगचं काम तुरळक. त्यामुळे रजिस्टर चाळायचं, कोणाची मुदत भरत आली ते पाहायचं आणि गिऱ्हाइकाची एखादी बारकी पाइपलाइन त्याच्यासाठी राखून ठेवायची. यावरून सुपरवायझरशी माझे खटके उडतात, कारण त्याला ती पाइप सगळ्यात चलाख पोराकडूनच उरकून घ्यायची असते.