चाळकेवाडीचा वारा

गेल्या माघात दासनवमीच्या निमित्ताने सज्जनगडी जाण्याचा योग आला. बेळगावाहून निघताना समर्थदर्शनाखेरीज मनात आणखी एक हेतू होता. आमच्या गावच्या माळावर वडिलोपार्जित सात एकर खडकाळ जमीन आहे. तेथे पवनचक्की उभारण्यासाठी एक दलाल धाकट्या बंधूंकडे दोनदा येऊन गेला. बंधूंचा कल विकून मोकळे होण्याकडे. माझे मन होईना. तेव्हा पवनचक्क्यांच्या छायेत नांदणारे गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, असे ठरविले.

गड उतरून ठोसेघरच्या वाटेने वर गेले, की चाळकेवाडीचे पठार लागते. सुमारे ११५० मीटर उंचीचा हा सडा पुढे वनकुसवड्यापर्यंत पसरला असून पलीकडे कोयनेचे खोरे आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून येथे शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातील शक्ती आठपट होते. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा थेट अंगावर घेणाऱ्या या उघड्या सड्याला मोल आले ते त्यामुळे. मात्र मी गेलो तेव्हा वारा पडलेला होता आणि निम्मी पाती निश्चल होती.

चहाच्या टपरीवर एक वृद्ध शेतकरी भेटले. म्हणाले, "गुरुजी, तवा वाटलं, खडकाला कोन इचारतंय? इकून टाकली. पैसं दोन लग्नांत सपलं. चक्की अजून फिरतीया." एवढे बोलून त्यांनी बशी ओठांना लावली.

विक्रीला पर्याय भाडेपट्ट्याचा. तो बहुधा पंचवीस-तीस वर्षांचा असतो. पाया व यारी उभी करण्याची जागा मिळून एखाद-दोन एकर जातात, रस्त्याला आणखी थोडी. उरलेल्या रानात जोंधळा पेरता येतो. मोबदला ठरावीक भाड्याचा किंवा विजेच्या उत्पन्नातील वाट्याचा. वाटा घेतला तर आषाढ भरघोस आणि माघ कोरडा! मी पडलो पगारदार माणूस. मला दरसाल वाढणारे भाडेच बरे वाटते. स्वतःच्या पंपापुरती लहान चक्की बसवावी, हा विचारही डोकावला होता. पण आखूड खांबाला वारा बेताचाच लागतो आणि खर्च मात्र आपला.

खरी मेख कराराच्या कलमांत असते. भाडे सहीच्या दिवसापासून, की वीज सुरू झाल्यावर? प्रकल्प रेंगाळला तर जमीन मोकळी कधी होणार? करार दुसऱ्या कंपनीकडे गेला तर? मुदतीअंती खांब आणि जमिनीतील काँक्रीट कोणी काढावयाचे? आमच्याकडील दलालाचा कागद इंग्रजी व कानडीत होता. बंधूंना दोन्ही भाषा बाजारापुरत्या येतात, आणि तरीही ते सहीला तयार होते! कर्नाटकात २०२० साली बिगरशेतकऱ्यांच्या शेतजमीन खरेदीवरील निर्बंध उठल्यापासून विकत घेणाऱ्यांची वाट सोपी झाली आहे, हेही ध्यानी असावे.

परत आल्यावर उतारा काढला. त्यावर आम्हा दोघांचीच नावे. दोघी बहिणींचा उल्लेखही नाही. वारसा कायद्याने त्यांचा हक्क आहे, आणि त्यांना विचारल्यावाचून मी सही करणार नाही, असे बंधूंना कळविले. थोरली बहीण कोल्हापुरास असते. तिला बोलावणे धाडले आहे. दलालाला तूर्त एवढेच सांगितले, की कागद मराठीत उतरवून आणा आणि पाडव्यानंतर या.