मशीन अडते तेव्हा

अमरावती आणि अकोल्याच्या एमआयडीसीत मॉड्युलर फर्निचरचं काम वाढलं, तशी माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींची तऱ्हाही बदलली. पूर्वी मोटार जळायची, बेअरिंग वाजायचं. आता सगळं धडधाकट असतं, तरी टेबल सॉ चालू होत नाही. पॅनेलवर लाल दिवा. ऑर्डर अडकलेला मालक म्हणतो, "काहून टाइम लावता भाऊ? डायरेक्ट करून द्या न." म्हणजे सुरक्षेच्या स्विचची दोन टोकं तारेनं जोडून मोकळे व्हा. ते मी करत नाही.

आधी इमर्जन्सीचं बटण बघावं. बरेचदा ते दाबलेलंच राहून गेलेलं असतं. मग मेन बंद करून ब्लेडच्या झाकणाचा लिमिट स्विच. एमडीएफचा पिठासारखा भुसा त्यात साचला की झाकण लावलेलं असूनही मशीनच्या लेखी ते उघडंच राहतं. ओव्हरलोड रिले वारंवार पडत असेल तर त्याची सेटिंग वाढवू नये. ब्लेड बोथट झालंय का, एखाद्या फेजला व्होल्टेज कमी येतंय का, हे तपासावं. मे महिन्यात अकोल्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या शेडमधलं पॅनेल त्याहून जास्त तापतं; रिले त्यानंही पडू शकतो.

आमच्या भागातला खरा चकवा अर्थिंगचा. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडला सोडते. रोध वाढतो, मग ड्राइव्ह आणि सेन्सर कारण नसताना एरर दाखवू लागतात. पाऊस पडला की तीच मशीन सुरळीत चालते, आणि दोष मात्र ड्राइव्हच्या कार्डाच्या माथी बसलेला असतो. महागडं कार्ड बदलण्याआधी अर्थ टेस्टर लावा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडा.

आता पुन्हा त्या 'डायरेक्ट'कडे येतो. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी 1999 च्या सुमारास सॉस्टॉपची, म्हणजे बोट लागताच ब्लेड थांबवणाऱ्या टेबल सॉची कल्पना मांडली. ब्लेडवर सौम्य विद्युत संकेत सोडलेला असतो. बोट टेकताच शरीर त्यातला काही भाग ओढून घेतं. तेवढ्यावरून स्प्रिंग सुटते, ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत रुततो आणि ब्लेड सुमारे 5 मिलिसेकंदांत थांबतं. पण ओलं लाकूडही वीज वाहून नेतं. परतवाड्याच्या डेपोतलं मेळघाटचं सागवान नीट वाळलेलं नसेल, तर अशी मशीन त्यालाही बोटच समजू शकते. मग ब्रेकचं कार्ट्रिज नवं घालावं लागतं, बहुधा ब्लेडही. अशा लाकडासाठी तिच्यात बायपासची सोय आहे. मोटार बंद केली की तो बायपास आपोआप सुटतो, पुढच्या वेळी संरक्षण पुन्हा जागेवर असतं. आपल्याकडच्या 'डायरेक्ट'च्या तारेत आणि त्या बायपासमध्ये फरक हाच. तार काढायची कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि पुढच्या हंगामात कामावर आलेल्या नव्या पोराला ती आत आहे हे ठाऊकही नसतं.

दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद असेल, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून पॅनेल उघडून घ्या. अशी तार सापडली तर पाडव्याला मशीनची पूजा करण्याआधी ती काढून टाका.