परळमधलं ओझर

नाशिकजवळच्या ओझरचं आजारी मूल मुंबईला निघतं ते बहुधा नाशिकरोडहून, पंचवटी एक्स्प्रेसनं. बापाच्या काखेत फाईल, पोराच्या तोंडाला मास्क. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. तेवढे दिवस निम्मं घर परळ-दादरला, निम्मं मळ्यात.

गावाकडच्या अशा माणसांना भेटायला मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जातो. पहिल्यांदा जिना चढताना धीराची वाक्यं जुळवत होतो. ती कुणालाच नको होती. "काही होणार नाही, देव आहे," हे सगळ्यांचं ऐकून झालेलं. मी टेकलो की बाप विचारी, "छाटणी उरकली का हो तुमच्याकडं? डावणी कितपत आहे?" ऐन ऑक्टोबरात द्राक्षबाग भावावर सोपवून आलेला माणूस. पावसाचं, औषधांच्या भावाचं बोलत बसलो की त्याला दोन घास जास्त जात.

आईच्या बोलण्यात मात्र रक्तपेशींचे काउंट. काउंट चढले तर किमो. उतरले तर किमो पुढं, कच्चं बंद, बाकीच्या पोरांत मिसळणं बंद. द्राक्षंही बंद. केळं, संत्रं, म्हणजे सोलून खाता येईल तेवढंच. ज्या पिकावर घर उभं आहे, त्याचा एक मणी पोराला देता येत नाही. हे ती सांगायची तेव्हा मला वर बघवत नसे.

आणि पोरगं? ते बिहारच्या, बंगालच्या मुलांना सांगत असतं की आमच्या गावात सुखोई बनतं. एचएएलचा विमान कारखाना १९६४चा. विमानाच्या आवाजात वाढलेली आमची मुलं. "काका, आज उडालं का?" एवढंच त्याला माझ्याकडून हवं असतं. मग उलटी होते, अंग गळून जातं, आणि तशातही ते आईला म्हणतं, "तू जेवून घे ना." सात-आठ वर्षांच्या पोरानं आईला सांभाळावं, हे मला आजही सोसत नाही.

टाटा घराण्यातल्या मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानं, म्हणजे ब्लड कॅन्सरनंच, गेल्या. आमच्या मुलांवर जिथं उपचार होतात ते परळचं टाटा रुग्णालय त्या दुःखातून १९४१ साली उभं राहिलं, तेव्हा या आजारावर मुलांना देण्याजोगं औषध जगात कुठंच नव्हतं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी काही मुलांचा आजार थोड्या काळापुरता मागं हटवल्याचं जगापुढं मांडलं, ते १९४८ साल. आज पुरते उपचार मिळाले तर बरीच मुलं बरी होतात. दादरची धर्मशाळा ज्यांच्या नावाची, त्या गाडगेबाबांना मुलगा गेल्याचं कीर्तन चालू असताना कळलं होतं. त्याच बाबांनी पुढं जे. जे. रुग्णालयापाशी रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. लेकराचं दुःख माहीत असलेल्या माणसाला रुग्णालयाबाहेर उघड्यावर झोपलेले आईबाप दिसणारच. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेनं उपचारांचा भार आता हलका होतो, पण बापाची बुडालेली मजुरी आणि गावी आजीपाशी ठेवलेली धाकटी कुठल्या योजनेत बसवायची?

सगळी मुलं परत येत नाहीत. अशाच एका मुलाचा बाप पिंपळगावच्या बाजार समितीत भेटला. टोमॅटोची गाडी खाली करत होता. मला शब्द सुचेना. त्यानंच हात पुसले आणि विचारलं, "आमच्या शेजारच्या खाटंवर ते बंगाली पोरगं होतं, त्याचे काउंट चढले का हो?"

चढले होते. मी सांगितलं. मग त्यानं त्या मुलाच्या बापाचा नंबर मागून घेतला.