बॅटच्या मुठीतला साक्षीदार

साक्षीदारांच्या उलटतपासणीवर ज्याचे पोट चालते, त्या माणसाने आपल्याच घरात आलेल्या साक्षीदाराला एकही प्रश्न विचारू नये, हा प्रमाद माझ्या हातून घडला. हा साक्षीदार मोठ्या सुपारीएवढा होता. रंगाने काळा, वजनाने हलका, आणि बोलायला मोठा चोख. माझ्या चिरंजीवाच्या बॅटच्या मुठीवर बसून तो त्याच्याविषयी साक्ष देत आहे, आणि ती साक्ष भलत्याच लोकांच्या कानी जात आहे, हे मला कळेपर्यंत दोन महिने लोटले होते.

प्रारंभ मात्र मोठा आनंदाचा होता. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी भागात आमचे घर आहे. नावात छावणी राहिली असली तरी तंबू केव्हाच उठले. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ दिला, त्याचे लष्कर नावाचे शहर झाले, आणि त्या लष्कराच्या पोटात आमच्यासारखी मराठी कुटुंबे मुरून गेली. आईचे माहेर मडगावचे. त्यामुळे घरात कोकणी, मराठी आणि गल्लीतली हिंदी अशा तिन्ही भाषा एकाच पंक्तीला जेवतात. आईला क्रिकेटचे वेड आहे, आणि त्याचे कारण ती अभिमानाने सांगते : दिलीप सरदेसाई तिच्या गावात जन्मलेले! १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी ६४२ धावा काढल्या, तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

गेल्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण न्यू जर्सीहून मुलाला घेऊन आली. हा पंधरा वर्षांचा भाचा तिकडे शाळेच्या संघातून बेसबॉल खेळतो. सामानातून त्याने आपली गोल बॅट काढली, तिच्या मुठीच्या टोकाला ती काळी सुपारी बसवली आणि गच्चीवर हवेत एक फटका मारला. क्षणार्धात त्याच्या फोनवर आकडे उमटले. बॅटचा वेग किती, ती किती अंशांनी वर चढत होती, हात हलू लागल्यापासून चेंडूपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, सारे लेखी!

"मामा, ह्याला सेन्सर म्हणतात," तो म्हणाला.

मी त्याला संवेदक म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे दयेने पाहिले.

त्या सुपारीत दोन इंद्रिये असतात. एक वेग कसा वाढतो-घटतो ते जाणते आणि दुसरे गिरकी ओळखते. बॅटची लांबी अगोदर सांगून ठेवली की मुठीच्या हालचालीवरून चेंडूशी भिडणारा भाग किती वेगाने गेला असेल, ह्याचे गणित ते यंत्र मांडते. चेंडू मात्र त्याला दिसत नाही. चेंडू कोठून आला, त्याने फसवले की नाही, किंबहुना तो आला तरी होता की नाही, ह्याची त्याला फारशी पर्वा नसते. अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांत बॅटचा वेग आता मैदानावरच्या कॅमेऱ्यांनी मोजतात. २०२४ पासून हे आकडे सर्वांना पाहावयास मिळतात, आणि तेथील सरासरी ताशी सुमारे ७२ मैलांची आहे. भाच्याला तो आकडा मुखोद्गत होता. आमच्या वयात पाढे असत, तसा.

दोन दिवसांनी चिरंजीवाने ती सुपारी आपल्या क्रिकेटच्या बॅटला चिकटपट्टीने बांधली आणि एक गंमत घडली. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता किंचित खाली उतरत येतो, म्हणून बॅट थोडी वर चढत गेलेली त्या खेळात बरी मानतात. चिरंजीवाने एक फटका तसाच उचलला. फोनने शाबासकी दिली आणि चेंडू शेजारच्या गच्चीवर उभ्या असलेल्या पोराने अलगद झेलला! आई पायरीवर बसून पाहत होती. "हात न्हय, दोळे खेळटात," एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

तरीही साक्षीदार खोटा होता असे मी म्हणणार नाही. त्यानेच आम्हांला एक खरी गोष्ट दाखवली. साधारण चाळीस चेंडूंनंतर मुलाच्या बॅटचा वेग झपाट्याने उतरत असे. कारण शोधता शोधता ध्यानात आले की, तो माझी जुनी, जड बॅट हौसेने वापरत होता. बापाची बॅट म्हणून तो बोलला नाही, आणि बापाला ते दिसले नाही. हलकी बॅट आणताच हात शेवटपर्यंत टिकू लागले. ह्यासाठी मी त्या सुपारीचा ऋणी आहे.

आपल्या देशातही ही विद्या नवी नाही. २०१७ साली इंग्लंडमध्ये चँपियन्स करंडकाचे सामने झाले, तेव्हा बंगळूरच्या स्पेक्युलर कंपनीने इंटेलच्या साह्याने बॅटच्या मुठीवर बसणारे उपकरण तयार केले होते. रोहित शर्मा, अजिंक्य रहाणे आणि रविचंद्रन अश्विन ते वापरणार असल्याचे त्या वेळी जाहीर झाले होते. पुढच्याच वर्षी अनिल कुंबळे ह्यांनी बॅटच्या खांद्यामागे चिकटवायच्या लहानशा पट्टीची योजना मांडली. फटक्याचा वेग, बॅटची गिरकी आणि चेंडू बॅटवर किती नेमका बसला, हे ती सांगे. ध्यानचंदांच्या स्टिकमध्ये लोहचुंबक असावे ह्या संशयाने हॉलंडात ती फोडून पाहिल्याची आख्यायिका आहे. त्यांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंग आमच्या ग्वाल्हेरचे. काळ कसा फिरतो पाहा. पूर्वी काठीत यंत्र सापडले असते तर अपकीर्ती झाली असती, आणि आता ते आपणच पदरचे पैसे मोजून बसवतो.

भाचा ऑगस्टमध्ये परतला. चिरंजीव ज्या संस्थेत खेळ शिकतो, तेथे योगायोगाने त्याच सुमारास असली उपकरणे आली. एक छापील कागद घरी आला. मी खंडपीठापुढच्या एका प्रकरणाच्या गडबडीत होतो. उभ्या उभ्या सही करून मोकळा झालो. दुसऱ्याच्या करारातला स्वल्पविराम काढण्यासाठी शुल्क घेणारा मी! तो कागद मी वाचला नाही.

नंतर मुलगा बदलू लागला. यष्टीमागे हळुवार चेंडू वळवण्याची त्याची एक सुरेख लकब होती, ती नाहीशी झाली. प्रत्येक चेंडूवर तो कुऱ्हाड चालवू लागला. चेंडूला मारायचे सोडून तो आकड्याला मारत होता. पुढे हात दुखण्याची सबब सुरू झाली. कारण कळले ते फोनवरच्या पालकांच्या गटातून. तेथे दर शनिवारी बॅटच्या वेगाची यादी नावानिशी येत असे. तीस मुलांत आमचा अठ्ठाविसावा! ती यादी मी कधी उघडून पाहिली नव्हती. त्याने प्रत्येक वेळी पाहिली होती.

मी तडक संस्थेत गेलो. तेथील गृहस्थांनी शांतपणे कागद पुढे सरकवला. 'संकलित माहितीचा संस्था योग्य वाटेल तसा उपयोग करील.' खाली माझी सही, आणि सवयीने घातलेली तारीखसुद्धा.

"सही आपलीच आहे ना, वकीलसाहेब?"

माझ्या आयुष्यात इतकी परिणामकारक उलटतपासणी मी स्वतः कधी केलेली नाही.

त्या रात्री मी अमेरिकन बेसबॉलपटूंच्या संघटनेने मालकांशी केलेला, २०१७ ते २०२१ ह्या काळाचा करार शोधून वाचला. अंगावरच्या उपकरणांविषयी त्यात स्वतंत्र जोडपत्र आहे. उपकरण घालणे खेळाडूच्या खुशीचे, आणि त्यातून निघालेल्या माहितीचा व्यापार करावयाचा नाही. कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्या मल्लांनी हे संरक्षण मागून घेतले होते. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाचे संरक्षण माझ्या लेखणीत होते, आणि ती लेखणी घाईत होती. आपला कायदाही ह्याविषयी मूक नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. शिवाय अठरा वर्षांखालील मुलाच्या कल्याणास बाधक ठरेल अशा रीतीने त्याची माहिती हाताळू नये, असेही त्यात आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि बहुतेक कलमांच्या अंमलास दीड वर्षाची सवड मिळाली. म्हणजे कज्जा करावयास मला वाट पाहावी लागली असती, आणि मुलाचे बालपण तारखा देत नाही.

मी कज्जा केला नाही. संमती मागे घेतल्याचे दोन ओळींचे पत्र दिले, ह्या खेपेस वाचून. इतर चार पालकांनीही दिले, आणि यादीतली नावे गेली. एक पालक मात्र रागावले. त्यांचा मुलगा पहिला येत असे.

मुलाशी बोलणे अधिक अवघड होते. मी त्याला कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर नेले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी मी तेथेच बसलो होतो, सचिन तेंडुलकरांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत २०० धावा केल्या तेव्हा. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले ते पहिले द्विशतक. दोनशेवी धाव प्रचंड फटक्याची नव्हती; शेवटच्या षटकात चेंडू ऑफच्या बाजूला हलकेच ढकलून एक धाव घेतली, इतकेच. हे मी त्याला मोठ्या रसाने सांगितले. तो ऐकून म्हणाला, "बाबा, माझी ती सही तुम्ही वाचून केली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर त्याने फूलबागेजवळ कुल्फी मागितली.

दिवाळीला बहिणीने तिकडून एक काळी सुपारी त्याच्यासाठी पाठवली. आता ती त्याच्या कपाटात असते आणि फोनची गुप्तखूणही त्याचीच आहे. कधी आठवड्यातून दोनदा, कधी महिनाभर नाही, तो गच्चीवर जातो. संध्याकाळी बॅटचा आवाज खाली ऐकू येतो, मग जरा शांतता होते, कारण तो आकडे पाहत असतो. किती आले, असे जिन्यातून ओरडून विचारावेसे मला फार वाटते. काल आईनेच विचारले. तिला त्याने कानात सांगितले.