ट्रॉलीला ब्रेक आहे का?

सोयाबीन सोंगणी, कापूस वेचणी लागली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मजूर भगिनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनच शेतावर जातात-येतात. लग्नाचे वऱ्हाडही त्यातूनच निघते. ट्रॉलीला ब्रेक आहे का, हे चढणारा मात्र विचारीत नाही. आमच्या वस्तीतील आम्ही काही मंडळी ते विचारू लागलो आहोत.

बहुतेक ट्रॅक्टरचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास, भरलेली ट्रॉली त्याच्या दुप्पट. बोथा घाट किंवा राजूर घाट उतरताना ट्रॉलीचा ब्रेक लागला नाही, तर ती मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर दोन्ही आडवे होतात.

आमच्याकडील एका ट्रॉलीचा ब्रेक दाबूनही धरीत नव्हता. मालक म्हणाले, "लायनर गेले, नवे टाका." मिस्त्रीभाऊ म्हणाले, "पहिले पाइप पाहू, मंग चाक." ट्रॅक्टरकडून ट्रॉलीकडे जाणारा पाइप नीट जोडला आहे का, तेल गळते का, आत हवा शिरली का, हे त्यांनी क्रमाने पाहिले. सारे ठीक निघाले तेव्हा चाक उघडले. आतले सील फाटून ग्रीस लायनरवर आले होते. सील तसेच ठेवून लायनर बदलले असते, तर नवेही तेलकट झाले असते. दोन्ही चाकांचे सील आणि लायनर एकदमच बदलले. मग रिकामी ट्रॉली सपाट जागेवर हळू चालवून ब्रेक दाबून पाहिला.

चालकबंधूंनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. रस्त्यावर ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल कडीने जोडलेले असावेत; एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो. उतारावर गाडी न्यूट्रल करू नये, खालच्या गिअरमध्येच उतरवावी.

तरीही वाचकहो, ट्रॉली मालासाठी आहे. मालवाहू वाहनातून नुसते प्रवासी म्हणून नेलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. घरचा कमावता माणूस गेल्यावर हा कागद कळून काय उपयोग? २०२३ पासून एसटीत भगिनींना अर्धे तिकीट आहे. वऱ्हाडासाठी तोच हिशेब धरावा. एसटी जात नाही त्या शेतवाटेवर निदान चढण्यापूर्वी विचारावे, "भाऊ, ट्रॉलीचा ब्रेक लागतो का?" उत्तर मिळेपर्यंत लेकरू वर चढवू नये.